लॅपटॉप घेण्याआधी त्याचे दोन पूर्वज ओळखा

दरवर्षी पीएचडीचे प्रवेश झाले की आमच्या लॅबमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कोडिंगसाठी कोणता लॅपटॉप घेऊ?" विचारणाऱ्याचा चेहरा गंभीर असतो आणि ते साहजिक आहे. फेलोशिपचे पहिले पैसे हातात आलेले असतात (किंवा यायचे असतात!), घरचे "एकदाच घे, पण चांगला घे" म्हणत असतात आणि पुढची चार-पाच वर्षं त्याच यंत्रावर काढायची असतात.

पूर्वी मी सरळ उत्तर द्यायचे. इतकी रॅम, अमका प्रोसेसर, तमकी स्क्रीन. पण असं उत्तर सहा महिन्यांत शिळं होतं. शिवाय ज्याचं काम माझ्यासारखं नाही त्याच्यासाठी ते चुकीचंही असतं. मग मी मॉडेलचं नाव सांगणं सोडलं आणि इतिहास सांगायला लागले. कारण आज दुकानात जे पर्याय दिसतात, ते सगळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी केलेल्या तडजोडींची पोरं आहेत. तडजोड कळली की निवड सोपी होते.

या लेखातला मुद्दा आधीच सांगून टाकते. प्रोग्रॅमिंगसाठी वापरायच्या लॅपटॉपला एक नाही, दोन पूर्वज आहेत. एक दूरच्या मोठ्या संगणकाशी बोलणारं टर्मिनल. दुसरा सगळं स्वतःच करणारा स्वयंपूर्ण छोटा संगणक. गेली पन्नास वर्षं आपण या दोघांमध्ये हेलकावे खातोय.

पहिला पूर्वज: टर्मिनल

१९६० च्या दशकात संगणक विकत घेणं ही व्यक्तीची नाही, संस्थेची गोष्ट होती. आपल्याकडे १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आलं आणि देशभरातल्या संशोधकांची गणितं त्यावर होऊ लागली. काम कसं चालायचं? प्रोग्रॅम पंच कार्डांवर छिद्रं पाडून लिहायचा, गठ्ठा जमा करायचा आणि निकालाची वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा रांगेत.

या वाट बघण्यावर अमेरिकेत एमआयटीमध्ये एक तोडगा निघाला. १९६१ मध्ये तिथे सीटीएसएस या प्रणालीचं प्रात्यक्षिक झालं. एकच संगणक, पण अनेक जण आपापल्या टर्मिनलवर बसून तो एकाच वेळी वापरताहेत. यालाच टाइम-शेअरिंग म्हणतात. प्रोग्रॅमरला पहिल्यांदा असं वाटलं की यंत्र फक्त माझ्याशी बोलतंय.

मग पुढची पायरी आलीच. टर्मिनल म्हणजे कीबोर्ड आणि छपाईचं यंत्र, तर ते घरी का नेऊ नये? १९७० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सायलेंट ७०० ही टर्मिनलं आली. त्यातली काही हँडल धरून उचलून नेता यायची. उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर अक्षरं छापली जायची. मागे रबराच्या दोन वाट्या असायच्या, त्यात टेलिफोनचा रिसीव्हर बसवायचा आणि यंत्र फोनच्या तारेवरून 'शिट्ट्या मारत' संगणकाशी बोलायचं. वेग सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं.

स्वतः या यंत्राला काहीच येत नव्हतं. फोन कट झाला की संपलं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: ते हलकं होतं, याचं कारण जड काम दुसरीकडे होत होतं. पुढे हाच मुद्दा परत येणार आहे.

दुसरा पूर्वज: डायनाबुक

दुसरी कल्पना ॲलन के यांची. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात असताना १९७२ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. त्यात वहीएवढा संगणक कल्पिला होता, नाव डायनाबुक. वजन चार पौंडांपेक्षा कमी, म्हणजे दोन किलोच्या आत. किंमत ५०० डॉलरच्या आसपास ठेवायचं ध्येय. आणि तो मुलांसाठी होता! मुलांनी त्यावर वाचावं, चित्रं काढावीत आणि मुख्य म्हणजे स्वतः प्रोग्रॅम लिहावेत.

त्या काळी हे बनवणं शक्यच नव्हतं. केंद्राने १९७३ मध्ये ऑल्टो हा संगणक बनवला, त्याला के आणि त्यांचे सहकारी 'तात्पुरतं डायनाबुक' म्हणायचे. १९७८ च्या सुमारास नोटटेकर नावाचा उचलून नेता येणारा नमुना झाला. वजन सुमारे २२ किलो. पण त्यावर स्मॉलटॉक ही पूर्ण प्रोग्रॅमिंगची भाषा चालायची. म्हणजे फोनची तार नको, दूरचं यंत्र नको. तुमचं काम तुमच्याजवळ.

संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी इथे एक बाजूची टीप. के यांनी यंत्र बनवण्याआधी 'यंत्र वापरणारा माणूस काय करेल' हे लिहिलं. आपण बहुतेक जण उलटं करतो. आधी लॅपटॉप घेतो, मग त्यावर काय चालतं ते बघतो.

ऑसबॉर्न आणि ८० अक्षरांची ओळ

बाजारात चाललेला पहिला उचलता येणारा संगणक म्हणजे १९८१ चा ऑसबॉर्न १. त्याचे कर्ते ॲडम ऑसबॉर्न यांचा भारताशी जवळचा संबंध. त्यांचं लहानपण तमिळनाडूत गेलं, वडील आर्थर ऑसबॉर्न हे रमण महर्षींवर लिहिणारे लेखक. ॲडम यांनी शेवटचे दिवसही कोडाईकनालमध्येच काढले. २००३ मध्ये ते तिथेच वारले.

यंत्राची किंमत १,७९५ डॉलर, रॅम ६४ केबी, वजन जवळपास ११ किलो. दिसायला शिलाई मशीनच्या पेटीसारखं, झाकण उघडलं की तोच कीबोर्ड. आत बॅटरी नाही, त्यामुळे नेलं तरी प्लग शोधायचाच. सोबत वर्डस्टार, सुपरकॅल्क आणि बेसिक भाषेच्या दोन आवृत्त्या फुकट. लोकांना हा सौदा फारच आवडला.

पण प्रोग्रॅमरची अडचण स्क्रीनमध्ये होती. स्क्रीन पाच इंची, एका ओळीत ५२ अक्षरं. आणि त्या काळच्या प्रोग्रॅमची ओळ ८० अक्षरांची. हा ८० चा आकडा कुठून आला? आयबीएमच्या पंच कार्डावर १९२८ पासून ८० उभे स्तंभ होते. तोच आकडा पुढे टर्मिनलच्या पडद्यांवर आला आणि आजही पायथनच्या शैलीपुस्तिकेत ओळ ७९ अक्षरांत ठेवा असं लिहिलेलं असतं. ऑसबॉर्नवर लांब ओळ वाचायची तर पडदा डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. ज्यांनी लहान स्क्रीनवर दुसऱ्याचा कोड वाचलाय, त्यांना हा त्रास समजावून सांगायला नको.

प्रतिस्पर्ध्यांनी नेमकं हेच हेरलं. १९८२ मध्ये केप्रो आला. नऊ इंची स्क्रीन, पूर्ण ८० अक्षरं. त्याच वर्षाअखेरीस कॉम्पॅक पोर्टेबल जाहीर झाला. तोही नऊ इंची, वजन उलट जास्तच, सुमारे १३ किलो. पण त्याच्याकडे हुकमाचा एक्का होता: आयबीएम पीसीचे प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालायचे. पहिल्याच वर्षात त्याची ५३,००० च्या आसपास यंत्रं खपली. ऑसबॉर्नच्या कंपनीने १९८३ च्या सप्टेंबरमध्ये दिवाळं काढलं. पुढचं मॉडेल आधीच जाहीर केल्यामुळे चालू मॉडेलची विक्री बसली आणि कंपनी बुडाली, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात सांगतात. मात्र एवढ्या एकाच कारणाने कंपनी बुडाली का, यावर मतभेद आहेत. (लिटरेचर रिव्ह्यू करताना अशा 'एका कारणाच्या' गोष्टींपासून जपून राहा.)

तात्पर्य: वजन कमी असलेलं यंत्र जिंकलं नाही. ज्यावर आपला प्रोग्रॅम चालतो आणि ओळ पूर्ण दिसते, ते जिंकलं.

तीन गोष्टी, पण मिळणार दोनच

१९८२ मध्येच ग्रिड कंपास आला. आज आपण लॅपटॉप म्हणतो तो आकार, म्हणजे स्क्रीन कीबोर्डवर मिटणारी, पहिल्यांदा नीट इथे दिसला. डिझाइन बिल मॉग्रिज यांचं, आवरण मॅग्नेशियमचं, वजन पाच किलोच्या आत, आत मोडेमसुद्धा. नासाने तो स्पेस शटलमध्ये नेला. किंमत? ८,१५० डॉलर. आणि एवढं देऊनही चालवायला वीज प्लगमधूनच.

याच्या अगदी उलट टोकाला १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १००. दीड किलोच्या आत, पेन्सिल सेलच्या चार बॅटऱ्यांवर वीसेक तास चालायचा, कीबोर्ड उत्तम, बेसिक भाषा आतच. बातमीदारांचा तो लाडका झाला. पण स्क्रीनवर ४० अक्षरांच्या फक्त आठ ओळी. बातमी लिहायला पुरेसं, पण दोनशे ओळींच्या फंक्शनमधली चूक आठ ओळींच्या खिडकीतून शोधून बघा!

ताकद, बॅटरी आणि किंमत. यातल्या दोन पदरात पडायच्या, तिसरी सोडायची. हा त्रिकोण आजही मोडलेला नाही, फक्त त्याच्या रेघा पुढे सरकल्यात.

१९९० च्या दशकात मात्र या यंत्रांवर खरंच दिवसभर टाइप करता येऊ लागलं. १९९१ च्या पॉवरबुकने कीबोर्ड मागे सरकवला आणि पुढे तळवे टेकायला जागा दिली. किरकोळ वाटेल, पण त्यानंतर जवळपास सगळ्यांनी तेच केलं. १९९२ च्या थिंकपॅड ७००सी ने १०.४ इंची रंगीत स्क्रीन दिली आणि कीबोर्डच्या मधोमध तो प्रसिद्ध लाल ठिपका, ज्याने हात न उचलता कर्सर हलतो. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली होती, ती हळूहळू लॅपटॉपमध्ये शिरली.

त्याच १९९१ मध्ये लिनक्स जन्माला आलं. फुकट, खुलं, संशोधकांसाठी वरदान. पण लॅपटॉपवर टाकायचं तर छळ. मोडेम विंडोजशिवाय हूं की चूं करायचे नाहीत, वाय-फायचे ड्रायव्हर मिळायचे नाहीत, झाकण मिटलं की यंत्र झोपायचं ते उठायचंच नाही. मग प्रोग्रॅमर मंडळी खरेदीआधी एकमेकांचे अनुभव धुंडाळायची, 'या मॉडेलवर काय चाललं, काय नाही' याच्या याद्या बनवायची. आज परिस्थिती फारच सुधारलीय, पण ती सवय सोडू नका.

यंत्र चुकतं तेव्हा

आता इतिहासातला असा प्रसंग, जो प्रत्येक संशोधकाला माहीत हवा. लॅपटॉपचा नाही, पण यंत्रनिवडीचा आहे.

अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजमधले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज काढत होते. त्यांच्याकडे जुनी ४८६ यंत्रं होती, १९९४ मध्ये त्यात नवं पेंटियम आलं. जूनमध्ये लक्षात आलं की उत्तरं जुळत नाहीत. त्यांनी आधी स्वतःवर संशय घेतला. कोड तपासला, कंपायलर तपासला, मदरबोर्ड तपासला. एक-एक शक्यता बाद करत ऑक्टोबरमध्ये ते या निष्कर्षावर आले की चूक प्रोसेसरच्या भागाकारात आहे. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२ यायला हवं, पेंटियमवर १.३३३७३ येत होतं. भागाकारासाठी चिपमध्ये एक तक्ता असतो, त्यातल्या पाच नोंदी गळल्या होत्या.

इंटेलने आधी म्हटलं की सामान्य वापरकर्त्याला ही चूक हजारो वर्षांत एकदा भेटेल. पण डिसेंबरमध्ये त्यांना सरसकट प्रोसेसर बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

नाइसलींना चूक सापडली कशी? त्यांच्याकडे दोन वेगळ्या प्रकारची यंत्रं होती आणि ते निकाल ताडून पाहत होते. एकच यंत्र असतं तर चुकीचं उत्तर छापून गेलं असतं.

प्रोसेसर बदलतो, आकडे हलतात

२००१ मध्ये मॅक ओएस एक्स आलं. आत युनिक्स, बाहेर नीटनेटका लॅपटॉप आणि झाकण उघडलं की लगेच जागा होणारा. विद्यापीठांतले बरेच प्रोग्रॅमर तिकडे वळले. ॲपलने २००६ मध्ये पॉवरपीसी सोडून इंटेल घेतलं आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये इंटेल सोडून आर्म पद्धतीची स्वतःची एम१ चिप आणली. बॅटरीच्या बाबतीत हा मोठाच पल्ला होता. २०२२ मध्ये तर लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची एक आवृत्ती अशाच आर्म लॅपटॉपवरून प्रसिद्ध केली.

पण प्रोसेसरची जात बदलली की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. माझं काम रेणूंच्या हालचालींच्या सिम्युलेशनचं. एकच कोड, एकच सुरुवात, एकच रँडम सीड. माझ्या इंटेल लॅपटॉपवर एक निकाल, गाईड सरांच्या आर्म मशीनवर दुसरा. आधी शेवटच्या अंकात फरक, मग काही हजार पायऱ्यांनंतर कणांच्या वाटाच वेगळ्या. मी आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होते. झोप उडाली होती, कारण त्यावर एक प्रकरण उभं होतं.

चूक नव्हतीच. आर्मवर कंपायलर सहसा गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करतो, म्हणजे पूर्णांकन दोनदा होण्याऐवजी एकदा होतं. साध्या इंटेल कोडमध्ये ते दोनदा होतं. पंधराव्या-सोळाव्या अंकातला हा फरक अव्यवस्थेकडे झुकणाऱ्या प्रणालीत फुगत जातो. तसंच पायथनमध्ये नमपायचा 'लाँगडबल' इंटेल-लिनक्सवर ८० बिटांचा असतो, ॲपलच्या नव्या चिपवर साध्या ६४ बिटांचाच. नाव तेच, अचूकता वेगळी!

शेवटी आम्ही सरासऱ्या आणि त्यांचे एरर बार ताडले. ते व्यवस्थित जुळले आणि जीव भांड्यात पडला. तेव्हापासून प्रत्येक निकालासोबत मी यंत्र, प्रोसेसर, कंपायलर आणि लायब्ररींच्या आवृत्त्या लिहून ठेवते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून लिहा.

आणि टर्मिनल परत आलं

२००७ मध्ये एनव्हिडियाने कूडा आणलं आणि ग्राफिक्सच्या कार्डावर विज्ञानाची गणितं सोपी झाली. २०१२ मध्ये ॲलेक्सनेट हे न्यूरल नेटवर्क ३ जीबीच्या दोन कार्डांवर पाच-सहा दिवस शिकवलं गेलं आणि त्यानंतर सगळ्यांनाच ग्राफिक्स कार्ड हवंसं झालं. म्हणून आज विद्यार्थी अडीच किलोचे गेमिंग लॅपटॉप पाठीवर वाहतात. (उलट मॅकवर २०१८ नंतरच्या प्रणालींसाठी एनव्हिडियाचे ड्रायव्हर आलेच नाहीत. ज्यांचं काम कूडावर अवलंबून होतं ते अडकले. विकत घेताना ही शक्यता कुणी गृहीत धरली नव्हती.)

पण इथेच पहिला पूर्वज आठवा. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये टाटू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले म्हणून. आज याच एसएसएचने आपण लॅपटॉपवरून क्लस्टरवर जातो. पुण्याच्या सी-डॅकची परम मालिका १९९१ पासून आहे, आयसर पुण्यात परम ब्रह्म आहे. काम तिथे रांगेत लावायचं आणि निकाल इकडे बघायचा. म्हणजे सायलेंट ७०० चीच गोष्ट, फक्त रबराच्या वाट्या गेल्या.

मग लॅपटॉपला काय हवं? चांगला कीबोर्ड, डोळ्यांना सोसणारी स्क्रीन, दिवसभराची बॅटरी, पुरेशी रॅम. जड कार्ड नकोच.

माझी चूक

२००८ च्या मॅकबुक एअरपासून रॅम बोर्डावरच जोडून टाकायची पद्धत रुळत गेली. यंत्र पातळ होतं, कमी वीज खाणारी मेमरी प्रोसेसरजवळ बसवता येते, म्हणजे कारण अगदीच पोकळ नाही. पण नंतर वाढवता येत नाही. मी पहिला लॅपटॉप घेतला तो पातळ, देखणा, ८ जीबी रॅमचा. "नंतर वाढवू" म्हणाले. दुसऱ्या वर्षी डेटा वाढला, यंत्र रडायला लागलं, सर्व्हिस सेंटरला गेले तर तो म्हणाला, "मॅडम, ही सोल्डर आहे." दोन महिन्यांची फेलोशिप दुसऱ्या यंत्रात गेली. ब्रँडचं नाव महत्त्वाचं नाही, स्पेसिफिकेशनमधली ती एक ओळ मी वाचली नव्हती एवढंच खरं. २०२१ मध्ये फ्रेमवर्कसारख्या कंपनीने सुटे भाग बदलता येणारा लॅपटॉप आणला, तो याच दुखण्यावरचा उतारा.

तर आता कुणी विचारलं की मी उलट चार प्रश्न विचारते. तुमचं जड गणित कुठे चालणार, लॅपटॉपवर की क्लस्टरवर? तुमच्या लॅबचे आणि गाईडचे प्रोग्रॅम कोणत्या प्रोसेसरवर आणि प्रणालीवर चालतात? रॅम आणि एसएसडी वाढवता येते का? नसेल, तर शेवटच्या वर्षाला पुरेल एवढी आत्ताच घेताय ना? आणि हाच कोड दुसऱ्या यंत्रावर चालवून ताडून बघायची सोय आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर खरेदी महिनाभर थांबवा आणि लॅबमधल्या सीनियरच्या शेजारी बसून त्याचं काम बघा. परवा एका ज्युनिअरने तसं केलं. त्याचं सगळं काम क्लस्टरवर होतं हे कळल्यावर त्याने गेमिंग लॅपटॉपचा विचार सोडला, १६ जीबीचा साधा लॅपटॉप घेतला आणि उरलेल्या पैशांत दोन बॅकअप डिस्क. त्यातली एक त्याने घरी ठेवलीय. मला वाटतं सगळ्यात शहाणी खरेदी ती डिस्कच होती.